लेखणी विद्यार्थ्याच्याच हाती राहावी

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली अनेक मुले महाविद्यालयात अडखळतात, ती बुद्धीत नव्हे, लेखनात. ज्या घरात शिकणारी ही पहिलीच पिढी, तेथे मसुदा वाचून दाखवावा असे माणूस नसते. मग वहीवर लाल शाई उमटते. काहीतरी चुकले, एवढेच तिच्यावरून कळते. काय म्हणायचे होते, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेतील विद्यापीठांनी या उणिवेवर एक उपाय योजला आहे. आयोवा विद्यापीठात १९३४ साली, तर पर्ड्यू विद्यापीठात १९७६ साली लेखन-प्रयोगशाळा सुरू झाली. आज तेथे ठिकठिकाणी अशी लेखनकेंद्रे आहेत.

तेथील एका केंद्रात मी पदव्युत्तर शिक्षण घेत असताना गेलो. समोर बसलेली मार्गदर्शिका प्राध्यापक नव्हती. माझ्याहून वयाने लहान अशी विद्यार्थिनी होती. तिने निबंध मलाच मोठ्याने वाचायला सांगितला. तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबवून विचारले, "यात तुमचे स्वतःचे मत कोणते?" मी ते तोंडी सांगितले. "मग हेच येथे लिहा," ती म्हणाली. पाऊण तासात तिने माझ्या कागदाला पेन लावले नाही. व्याकरणाचा विचार पुढच्या भेटीत झाला. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या चुका मोजण्याआधी माझा विचार कोणीतरी ऐकून घेतला होता.

अशा मदतीने मुले परावलंबी होतील, असा आक्षेप घेतला जाईल. दुसऱ्याने लिहून दिले, तर तो खराच ठरेल. परंतु लेखनकेंद्राचे काम लेख दुरुस्त करण्याचे नसून लिहिणारा घडविण्याचे आहे, असे प्रतिपादन स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ सालच्या आपल्या निबंधात केले आहे. फेरलेखनात कमीपणाही नाही. रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही परीक्षकांच्या आक्षेपांनंतर पुन्हा लिहून सादर करावा लागला होता. १९२३ साली तो स्वीकारला गेला.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत आठवड्यातील दोन संध्याकाळी एक टेबल यासाठी राखून ठेवावे. तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि जवळपास राहणारे माजी विद्यार्थी पाळीपाळीने बसतील. नियम तीनच असावेत : लिहिणाऱ्याने स्वतः वाचावे, ऐकणाऱ्याने प्रश्न विचारावेत आणि लेखणी लिहिणाऱ्याच्याच हाती राहावी. गुण देऊ नयेत, नावांची नोंद शिक्षकांकडे जाऊ नये. यासाठी ना इमारत लागते, ना निधी. लागतो तो आपला थोडा वेळ आणि ऐकून घेण्याचा संयम. या विद्यालयाने आपल्याला वाचायला शिकविले. आता आपण येथील मुलांचे वाचक व्हावे, एवढीच माजी विद्यार्थ्यांना विनंती.