हरवलेला परवाना

घरांत एखादी वस्तु सांपडेनाशी झाली म्हणजे कार्तवीर्यार्जुनाच्या नांवाचा जप करण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. किल्ली, पळी, नातवाचें पुस्तक, असें कांहीं ना कांहीं त्यानें सांपडलेलेंहि आहे. परंतु गेल्या संक्रांतीस याच जपापायीं आम्हीं घरच्या एका मुलीचे पांच दिवस फुकट घालविले, ही कबुली येथें देणें भाग आहे.

आमच्या थोरल्या बंधूंची सून अमेरिकेंत राहते. सासूबाईंच्या दुखण्याकरितां ती फेब्रुवारींत सोलापुरास आली आणि त्यांची शुश्रूषा करीत अकरा महिने येथेंच राहिली. गड्ड्याच्या यात्रेंत होम मैदानावरील गर्दींत तिची लहान पिशवी कोणीं लांबविली. पैसे थोडेच होते. पण तींत तिचें ग्रीन कार्ड, म्हणजे त्या देशांत कायम राहण्याचा परवाना होता. पासपोर्ट सुदैवानें कपाटांत होता. १८ वर्षांवरील माणसानें हें कार्ड सदैव जवळ बाळगावें असा तिकडील कायदा. तीच संवय येथेंहि राहिली. तिला निष्काळजी म्हणणाऱ्या वडील मंडळींनीं हें ध्यानांत घ्यावें.

पोलिसांची गोष्ट निघतांच बंधु म्हणाले, "आपल्या घरची सून चौकीवर जाणार?" आम्हींहि मान डोलाविली आणि जपास बसलों. ती मात्र पुनःपुन्हां एकच सांगत होती, "काका, वर्ष भरायला तीनच आठवडे राहिलेत हो!" याचा अर्थ आम्हांस उमगला तो सहाव्या दिवशीं.

परवाना परदेशीं गहाळ झाला तर अमेरिकन वकिलात नवें कार्ड देत नाहीं. विमानांत चढण्यापुरती एक चिठ्ठी पासपोर्टांत चिकटवून देते. तिची मुदत बहुधा महिनाभर किंवा त्याहूनहि कमी. ती नसेल तर विमान कंपनी चढूं देत नाहीं, कारण कागदांवांचून प्रवासी नेल्यास दंड तिलाच बसतो. चिठ्ठीसाठीं आय-१३१ए हा फॉर्म भरून, शुल्क आधीं ऑनलाइन देऊन, मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांतील वकिलातींत स्वतः हजर व्हावें लागतें. खरी मेख पुढेंच आहे. ही सोय वर्षाच्या आंत परतणाऱ्यासाठीं आहे. वर्ष उलटलें कीं, आपण तेथील रहिवासी राहिलोंच आहों हें नव्यानें शाबीत करीत बसावें लागतें. आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा तिकडे वाट पाहात होता.

सहाव्या दिवशीं आम्ही तिजबरोबर चौकीवर गेलों. अंमलदारांनीं बसावयास खुर्ची दिली, तक्रार नोंदविली, प्रत हातीं ठेविली. अब्रूला कोठेंहि धक्का लागला नाहीं. हरवलेल्या कार्डाची छायाप्रत तिच्या यजमानांनीं तिकडून धाडली. तीवरील क्रमांकानें काम पुष्कळ सुकर झालें. पासपोर्टहि गेला असता तर आधीं पुण्याच्या पारपत्र कार्यालयाकडून तो नवा घ्यावा लागता. चिठ्ठी चिकटवावयाची तरी कशावर?

विलायतेंतील असे प्लास्टिकचे परवाने २०२४ अखेर बंद झाले. तेथें आतां वास्तव्याचा हक्क संगणकावर नोंदलेला व पासपोर्टाशीं जोडलेला असतो. तिकडील मुलांनीं पासपोर्ट बदलला कीं ती नोंदहि बदलून घ्यावी.

मुंबईच्या खेपा आणि वाट पाहणें यांत दिवस गेले. ती निघाली तेव्हां वर्ष भरावयास चार दिवस उरले होते. तेथें पोंचल्यावर तिनें आय-९० या फॉर्मवर नव्या कार्डाचा अर्ज केला.

बंधु आतां परदेशांतून येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदांच्या प्रती मागून घेऊन पंचांगाच्या खणांत ठेवितात. वहिनींची प्रकृति सुधारली आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, जप केला नसता तर ते चार दिवसहि उरले नसते.