पांढरा कोंबडा आणि अमेरिकेतला भला माणूस

अमेरिकेतला उदारमतवादी गोरा माणूस दर काही वर्षांनी सुतक पाळतो. २००० साली पाळलं, २०१६ साली पाळलं, २०२४ साली तर पार तेराव्यापर्यंत पाळलं. माणूस वाईट नाही. पुस्तकं वाचतो, अंगणात उमेदवाराची पाटी रोवतो, पाच-पंचवीस डॉलर वर्गणी देतो, अनोळखी मतदारांना पोस्टकार्डं लिहितो. आणि निकाल लागला की लेख लिहितो. लेखाचा सूर ठरलेला : आमची लोकशाही रुळावरून घसरली हो! शाळेत शिकलो तो देश हा नव्हे हो!

आपल्याकडचे पांढरपेशे ते लेख मोबाइलवर एकमेकांना धाडतात आणि उसासे टाकतात. म्हणून बोलायचं. नाहीतर त्याच्या रडण्याशी आपलं काय देणंघेणं?

दोस्तहो, गाडी कुठं घसरलीय? टाकलेल्या रुळांवरनंच तर चाललीय. रूळ कुणी टाकले ते बघा. १७८७ साली फिलाडेल्फियात पंचावन्न जण घटना लिहायला बसले. सगळे गोरे, सगळे पुरुष, त्यातले कितीतरी गुलामांचे मालक. दक्षिणेतल्या मालकांनी हिशोब मांडला : गुलाम ही आमची मालमत्ता, पण डोकी मोजताना त्यांना माणसं धरा. घासाघीस होऊन सौदा ठरला. शंभर गुलाम म्हणजे साठ माणसं. मत एकालाही नाही. पण त्यांच्या डोक्यांवर मालकाच्या राज्याला संसदेत जास्त जागा आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात जास्त मतं. फळ लगेच दिसलं. पहिल्या छत्तीस वर्षांतली बत्तीस वर्षं अध्यक्षाच्या खुर्चीवर व्हर्जिनियातले गुलाममालक होते. वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन, मन्रो. यांची चित्रं शाळेत लावतात. तो शाळेत शिकला तो हाच देश!

गुलामी १८६५ ला कायद्यानं गेली. मंडळ राहिलं. आज त्यात ५३८ मतं; २७० मिळवील तो अध्यक्ष. २०१६ साली हिलरी क्लिंटनला ट्रम्पपेक्षा २८ लाखांवर मतं जास्त पडली आणि ती हरली. मग भल्या माणसाला शोध लागला, अरे, हे मंडळ म्हणजे अन्याय आहे! तोवर सव्वादोनशे वर्षं उलटली होती. सिनेटचंही तेच. वायोमिंगची माणसं सहा लाखांच्या आत, सिनेटर दोन. कॅलिफोर्निया चार कोटींच्या घरात, सिनेटर दोनच. आणि राजधानी वॉशिंग्टन, जिथं कैक दशकं काळ्यांचं बहुमत होतं, तिथं सिनेटर शून्य.

तुरुंगाचा हिशोब ऐका, म्हणजे १७८७ साल किती ताजं आहे ते कळेल. जनगणनेत कैद्याला त्याच्या घरच्या पत्त्यावर मोजत नाहीत, तुरुंगाच्या पत्त्यावर मोजतात. शहरातल्या काळ्या वस्तीतला पोरगा उचलायचा, दूरच्या गोऱ्या खेड्यातल्या तुरुंगात टाकायचा, आणि त्याच्या डोक्यावर त्या खेड्याच्या मतदारसंघाचं वजन वाढवायचं. काही राज्यांनी मतदारसंघ आखताना हे बंद केलंय, पुष्कळांनी नाही. पोराला स्वतःला मत? मेन आणि व्हर्माँट ही दोन राज्यं सोडली तर गंभीर गुन्ह्यात शिक्षा भोगणाऱ्याला एकाही राज्यात मत नाही. कित्येक राज्यांत सुटून आल्यावरही नाही. फ्लोरिडात २०१८ साली जनतेनंच कौल दिला की शिक्षा भोगून सुटलेल्यांना मत द्या. सुमारे चौदा लाख माणसांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं पाचर मारली : आधी कोर्टाचा सगळा दंड आणि फी भरा, मग मत. मत देण्यासाठी पट्टी लावणं १९६४ च्या घटनादुरुस्तीनं बंद केलं होतं म्हणे. बंद झालं ते नाव.

भला माणूस म्हणतो, न्यायालय ट्रम्पनं बिघडवलं. २०१३ साली ट्रम्प कुठं होता? तेव्हा अध्यक्ष ओबामा होता. त्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचा कणा मोडला. वर्णद्वेषाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची, ती गेली. न्यायमूर्ती गिन्सबर्गबाईंनी विरोधी निकालात छत्रीचं उदाहरण दिलं : पावसात आपण भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्यातला हा प्रकार. निकालाच्या दिवशीच टेक्सासनं जाहीर केलं की आता ओळखपत्राचा कायदा लागू. त्यात बंदुकीचा परवाना चालायचा, विद्यापीठाचं ओळखपत्र चालायचं नाही. पुढं २०२१ साली जॉर्जियानं मतदानाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला पाण्याची बाटली देणं हा गुन्हा ठरवला. पाणी! हा शब्द आला की आपले कान टवकारतात. का, ते सांगायला नको.

आता भल्या माणसाच्या स्वतःच्या घरात डोकावू. ऑगस्ट १९६४, अटलांटिक सिटी, डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन. मिसिसिपीतून पक्षाचं अधिकृत शिष्टमंडळ आलेलं, सगळं गोरं. काळ्यांना त्यात शिरकावच नाही. मग काळ्यांनी आपला फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष काढला, आपले प्रतिनिधी निवडले आणि म्हणाले, मिसिसिपीच्या खुर्च्या आमच्या. त्यांत फॅनी लू हेमर होत्या. दुसऱ्याच्या कापसाच्या मळ्यावर अठरा वर्षं राबलेली बाई. १९६२ ला मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून मालकानं त्याच दिवशी हाकलली. १९६३ ला विनोनाच्या तुरुंगात पोलिसांनी बडव बडव बडवली. हे सगळं तिनं समितीपुढं, टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढं सांगितलं. ती बोलत असताना अध्यक्ष जॉन्सननं घाईघाईनं पत्रकार परिषद बोलावून कॅमेरे आपल्याकडं वळवले. हाच जॉन्सन, नागरी हक्कांचा कायदा करणारा.

मग वाटाघाटीला कोण आलं? ह्युबर्ट हम्फ्री. उदारमतवाद्यांचा लाडका, आणि उपाध्यक्षपदाकडं डोळे लावून बसलेला. त्यांनी काय दिलं? दोन जागा. त्या दोन जागांवर कोण बसणार तेही त्यांनीच ठरवलं, आणि त्यात हेमरबाई नव्हत्या. सबुरीनं घ्या, नाहीतर उजवा गोल्डवॉटर निवडून येईल, असा दम. हेमरबाईंनी साफ नकार दिला : दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांबून आलो नाही. हम्फ्रीला उपाध्यक्षपद मिळालं. आणि बघा, त्या १९६४ नंतर आजपर्यंत एकाही अध्यक्षीय निवडणुकीत बहुसंख्य गोऱ्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिलेलं नाही. दर वेळी पक्षाची पालखी काळ्यांच्या खांद्यावर. २०२४ लाही दहातल्या आठ काळ्या मतदारांनी कमला हॅरिसला मत दिलं. तरी हरल्यावर भल्या माणसाचं बोट पहिल्यांदा कुणाकडं गेलं? काळ्या तरुणांकडं, लॅटिनो गड्यांकडं. स्वतःच्या काका-मामांना विचारायची छाती नाही.

आपल्यालाही हा अनुभव आहे. २०२३ साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं जातिभेदाला कायद्यात नाव घेऊन बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं. त्यासाठी तिथल्या दलितांनी उपोषणं केली. पहिल्यांदाच जात नावाची चीज तिथल्या राज्याच्या कायद्यात येणार होती. ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसमनं नकाराधिकार वापरून ते मारलं. कारण? म्हणे असलेल्या कायद्यातच सगळं येतं. न्यूसम रिपब्लिकन नव्हे, डेमोक्रॅट. भल्या माणसांचा माणूस.

हे वाचून कुणी म्हणेल, मग मतपेटी पेटवून द्या. थांबा. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीकडं चला.

ऐंशी टक्के काळे, आणि १९६५ उजाडलं तेव्हा मतदारयादीत एकही काळं नाव नाही. नाव नोंदवलं की मालक झोपडीतनं बाहेर काढायचा. कित्येक कुटुंबं हमरस्त्याच्या कडेला तंबूत राहिली. अलाबामात पक्षाला मतपत्रिकेवर चिन्ह लागायचं, कारण कितीकांना अक्षरओळख नव्हती. डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा, आणि १९६६ पर्यंत त्याच्यासोबत छापलेलं असायचं, गोऱ्यांचं वर्चस्व! त्या कोंबड्याला मत द्यायचं? काळ्यांनी आपला पक्ष काढला. स्टोकली कार्मायकेल आणि त्याची विद्यार्थी संघटना मदतीला होती. चिन्ह घेतलं काळा पँथर. अटलांटातल्या एका काळ्या कॉलेजच्या चिन्हावरनं चित्र काढलं. कर आकारणीच्या पदाला उभ्या राहिलेल्या अ‍ॅलिस मूरबाईंचा जाहीरनामा एका ओळीचा : श्रीमंतांवर कर लावीन, गरिबांना खाऊ घालीन.

भली माणसं तेव्हाही सांगत होती, वेगळी चूल मांडू नका, मोठ्या पक्षात राहा, त्यातल्या त्यात बऱ्या गोऱ्याला मत द्या. अलाबामाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत तो बरा गोरा आपटलाच. वर्णद्वेष्ट्या वॉलेसची बायको निवडून आली. नोव्हेंबर १९६६ ला पँथरचे सातही उमेदवार पडले. मळेवाल्यांनी आपले मजूर ट्रक भरभरून आणले होते, कोंबड्यासाठी. तरी पँथरला चाळीस टक्क्यांवर मतं पडली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑकलंडच्या पोरांनी ते चित्र, ते नाव उचललं. तिथनं ते १९७२ साली मुंबईत आलं. आपल्या कितीकांना वाटतं, पँथर म्हणजे नुसती डरकाळी. अरे, पँथर आधी मतपत्रिकेवर होता, निरक्षर मजुराला ओळखता यावा म्हणून.

१९७० ला लाउंड्समध्ये जॉन ह्युलेट शेरीफ झाला. १९६५ च्या मार्चमध्ये यादीत ज्या पहिल्या दोन काळ्यांची नावं चढली त्यातला एक. ज्या कचेरीतनं काळ्यांना हाकलून लावत, तिच्या किल्ल्या त्याच्या कमरेला.