पगाराबाहेरील मिळकत आणि प्राप्तिकर

प्राप्तिकराचा विषय निघाला म्हणजे नोकरदार गृहस्थ सहसा निर्धास्त असतो. त्याचा कर कचेरी परस्पर कापून घेते, वर्षाअखेर एक प्रमाणपत्र हातीं देते, आणि विवरणपत्र भरलें कीं सारें आटोपतें. ही निश्चिंतता पगारापुरती योग्यच आहे. परंतु ज्या घरांत पगाराखेरीज दुसरीहि मिळकत येऊं लागली आहे, आणि अशीं घरें आतां पुष्कळ झालीं आहेत, तेथें ती महागांत पडते. कोणी सायंकाळीं शिकवण्या घेतो, कोणी उत्तरपत्रिका तपासतो, कोणी रविवारीं एखाद्या कंपनीला सल्ला देतो. (‘वरकमाई’ हा सोपा शब्द आम्ही मुद्दामच टाळला आहे; आपल्याकडे त्याचा अर्थ भलताच होतो.) या रकमा लहान व तुटक असल्यामुळें घरखर्चांत मुरून जातात आणि कराच्या हिशेबांतून नकळत गळतात.

कायद्याच्या हिशेबांतून त्या गळत नाहींत. पगार, घरभाडें, धंदा किंवा व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न अशीं पांच सदरें त्यानें केलीं आहेत खरीं. पण शेवटीं बेरीज एकाच माणसाच्या नांवावर होते. जोडमिळकत त्या बेरजेच्या माथ्यावर जाऊन बसते, म्हणून तिच्यावर कर पडतो तो आपल्या सर्वांत वरच्या पायरीच्या दरानें. पंचवीस लाखांवर पगार असलेल्या अभियंत्याला सल्ल्याची फी म्हणून एक लाख रुपये मिळाले व देणाऱ्यानें शेंकडा १० प्रमाणें १०,००० कापून ठेवले, तर ‘कर भरला गेला’ असें तो समजतो. वस्तुतः २०२५-२६ या वर्षाच्या नव्या पद्धतीच्या दरांनीं त्याला या लाखावर शेंकडा ३० कर व त्या करावर शेंकडा ४ उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये द्यावयाचे असतात. कापलेले दहा हजार हा केवळ हप्ता होय. २१,२०० बाकी राहतात. शिकवणीचे पैसे देणारे आईबाप तर कांहींच कापीत नाहींत, तेव्हां तेथें सबंध रक्कम बाकी.

उंबरठ्यावरील माणसाची गोष्ट याहून विलक्षण आहे. समजा, एकाचा वार्षिक पगार १२,७५,००० आहे. याच वर्षाच्या दरांप्रमाणें ७५,००० ची ठरीव वजावट जाऊन १२ लाख उरतात आणि करमाफीमुळें कर शून्य. आतां त्याला खर्च वजा जातां शिकवणीचे ५०,००० मिळाले. एकंदर उत्पन्न १२,५०,००० झालें कीं माफी संपली. कोष्टकाप्रमाणें कर ६७,५०० होतो. परंतु बारा लाखांवर जेवढें उत्पन्न असेल त्याहून कर अधिक होऊं नये अशी तजवीज असल्यामुळें तो ५०,००० वर आणला जातो, आणि त्यावर उपकर २,०००. म्हणजे वर्षभर घसा कोरडा करून मिळविलेले पन्नास हजार सरकारजमा, आणि वर दोन हजार पदरचे! एक लाख मिळाले तर कर ७८,००० व हातीं २२,०००. दोन लाख मिळाले तर कर ९३,६०० व हातीं १,०६,४००. उपकराला त्या तजविजीच्या बाहेर ठेवण्यांत कोणता न्याय आहे, हें आम्हांस तरी उमगत नाहीं. या उंबरठ्याजवळ जो उभा असेल त्यानें शिकवणी पतकरण्यापूर्वींच हें गणित मांडून पाहावें.

‘खर्च वजा जातां’ हे शब्द येथें महत्त्वाचे आहेत. नियमित शिकवणी हा व्यवसाय होय. त्यासाठीं घेतलेलीं पुस्तकें, जाण्यायेण्याचा खर्च, जागेचें भाडें हीं त्या उत्पन्नांतून वजा होतात, मात्र पावत्या जपून ठेविल्या पाहिजेत. डॉक्टर, वकील, अभियंता, हिशेबनीस अशा कायद्यानें नेमून दिलेल्या व्यावसायिकांना, जमा ५० लाखांच्या आंत असल्यास, निम्मी जमा हाच नफा धरून चालण्याचीहि मुभा आहे. व्यवसायांत तोटा आला तर तो पगारांतून वजा करतां येत नाहीं. शिवाय व्यवसायाचें उत्पन्न आलें कीं जुनी व नवी करपद्धति दरवर्षीं हवी तशी बदलण्याचें नोकरदाराचें स्वातंत्र्य संपतें.

कित्येक ठिकाणीं ही मिळकत गृहिणीच्या नांवावर दाखविण्याची युक्ति सुचविली जाते. आम्हांस ती पसंत नाहीं, आणि ती टिकतहि नाहीं: उत्पन्न ज्याच्या श्रमाचें, कर त्याचा. गृहिणी स्वतः शिकवीत असेल तर गोष्ट वेगळी. तें उत्पन्न सर्वस्वीं तिचें, आणि तिचा हिशेब स्वतंत्र.

कापलेला कर वजा जाऊन वर्षाची बाकी १०,००० किंवा अधिक होत असेल, तर ती वर्ष चालू असतांनाच भरावी लागते: १५ जूनपर्यंत शेंकडा १५, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत सर्व. निम्मा नफा धरणाऱ्या व्यावसायिकाला मात्र १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. चुकल्यास दरमहा शेंकडा १ व्याज चढतें. ज्यांना या तारखा सांभाळणें जड जातें त्यांना एक सोपा मार्ग आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. आपलें इतर उत्पन्न नोकरीच्या कचेरीला लेखी कळवावें, म्हणजे त्यावरील करहि ती उरलेल्या महिन्यांच्या पगारांतून कापून घेते. सरकारी नोकरांनीं असें कळविण्यापूर्वीं बाहेरचें काम करण्याची परवानगी आपणांस आहे ना, हें पाहावें. कर भरल्यानें ती मिळत नाहीं. पत्र डिसेंबरपूर्वीं गेलें तर कपात चार-पांच महिन्यांवर वांटली जाते, फेब्रुवारींत गेलें तर मार्चचा पगार निम्माशिम्मा हातीं येतो.