भाड्याच्या खोलीलाही मीटर हवे

दारोदारी स्मार्ट मीटर बसत असताना अमरावती-अकोल्यातील भाडेकरूंना स्वतंत्र वीजमीटर मिळालेच पाहिजे, अशी आमची भूमिका आहे.

घरगुती वीजदर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतो. वऱ्हाडच्या उन्हात चार खोल्यांचे कूलर एकाच मीटरवर फिरले की एकत्रित वापर वरच्या टप्प्यात जातो. मग एकट्याने शंभराच्या आत राहणारा विद्यार्थीही सबमीटरवर तोच चढा दर भरतो. घरमालकाचीही अडचण आहेच. भाडेकरू बिल बुडवून गेला तर थकबाकी त्याच्या गळ्यात.

२००३च्या वीज कायद्याचे कलम ४३ मालकाप्रमाणेच राहणाऱ्यालाही जोडणी मागण्याचा हक्क देते. महावितरणने उन्हाळ्यापूर्वी विद्यापीठ परिसरात शिबिरे घेऊन या जोडण्या द्याव्यात.