फुकटच्या दोन रात्री आणि पंचवीस वर्षांचा करार

आमच्या नगर जिल्ह्याला (कागदोपत्री आता अहिल्यानगर) समुद्र नाही. आमचं मोठं पाणी म्हणजे मुळा आणि भंडारदरा ही धरणं. तरीही आमच्याकडे समुद्र विकला जातो. पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात तुम्ही कूपन भरता. आठवड्याभरात फोन येतो, की लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव लागलंय, रविवारी अमुक हॉटेलच्या हॉलमध्ये या, नवरा-बायको दोघांनी या आणि गिफ्ट घेऊन जा. दोघांनीच का? कारण एकटा माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटू शकतो. दोघंही समोर बसली की घरी विचारायला कोणी उरत नाही.

अकोले तालुक्यातले माझे काका, झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, असेच काकूला घेऊन गेले आणि टाइमशेअर घेऊन आले. वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं. काका तेव्हा एकसष्ट वर्षांचे होते, म्हणजे करार ते शहाऐंशीचे होईपर्यंत. पैसे ग्रॅच्युइटीचे. काकूचे गुडघे दुखतात, ती देवळाच्या पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून चढते. तिला वर्षातून आठवडाभर बीचवर नेण्याचा करार झाला. काका म्हणाले, "अरे, त्या पोरीनं चार तास इतकी माया लावली, नाही म्हणवेना."

काकांना बावळट म्हणायला जीभ उचलेल त्यांना सांगतो, या माणसानं तीस वर्षं पोरांना चक्रवाढ व्याज शिकवलंय. त्यांना गणित येत नव्हतं असं नाही. त्यांना ते करू दिलं गेलं नाही, आणि माझा राग नेमका यावर आहे.

मी पुण्यात एका कंपनीत पेमेंटच्या स्क्रीन बनवतो. गेल्या डिसेंबरात मी आणि बायको गोव्यात एका बीच रिसॉर्टवर राहिलो. ऑफर होती, दोन रात्री जवळजवळ फुकट. दुसऱ्या दिवशी सकाळी 'नव्वद मिनिटांची छोटीशी भेट'. ती पावणेचार तास चालली. आधी एक हसरा मुलगा, आमच्याच वयाचा. मग त्याचा सीनियर. मग मॅनेजर, ज्याला म्हणे फक्त आमच्यासाठी बोलावलं होतं. किंमत सात लाखांवरून पाच लाखांवर आली, पण 'आज सही केली तरच'. शेजारच्या टेबलावर कोणीतरी सही केली की टाळ्या वाजायच्या. वार्षिक देखभाल शुल्काचा उल्लेख तिसऱ्या तासाला आला. मी म्हणालो, कराराची प्रत द्या, रात्री वाचतो. प्रत बाहेर नेता येत नाही असं उत्तर मिळालं. बायको उठली, "चल रे, भूक लागलीय" म्हणाली, आणि आम्ही निघालो. जाताना मॅनेजर मला म्हणाला, "सर, फॅमिलीसाठी एवढंही नाही?"

या प्रत्येक गोष्टीला माझ्या धंद्यात नाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत. खोटी घाई करणं, नकार देणाऱ्याला लाज वाटायला लावणं, किंमत थेंबाथेंबानं उघड करणं, सतत मागे लागणं, सबस्क्रिप्शनमध्ये अडकवणं. मी स्क्रीनवर 'फक्त आजच' असं खोटं लिहिलं तर कंपनीच्या वकिलांची मेल येते. पण ही तत्त्वं लिहिली आहेत डिजिटल प्लॅटफॉर्मसाठी. तोच खेळ एसी हॉलमध्ये, कोल्ड्रिंक पाजून, हाडामांसाच्या माणसाकडून करून घेतला तर त्याला सेल्स म्हणतात.

आता हॉलमध्ये राहून गेलेलं गणित. समजा पाच लाख भरले. हेच पैसे सात टक्क्यांनी ठेवून पंचवीस वर्षांत दरवर्षी सारखी रक्कम काढून संपवले, तर वर्षाला साधारण ४२,९०० रुपये हातात येतात. देखभाल शुल्क समजा २०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३,६००. बेरीज ६६,५००. भागिले सात रात्री. एका रात्रीला साडेनऊ हजार, जेवण आणि प्रवास वेगळा, शुल्क कधीच वाढणार नाही असं धरून, आणि एकही वर्ष चुकवलं नाही तर. त्यातही हव्या त्या तारखा मिळतीलच असं नाही, कारण दिवाळी-मेच्या सुट्ट्या सगळ्यांच्या एकाच वेळी येतात. भंडारदऱ्याला एमटीडीसीची खोली ज्या रात्री राहायचं त्या रात्रीपुरती घेता येते.

दरवर्षी नेमानं फिरणारी, तारखा महिनोन्‌महिने आधी ठरवणारी कुटुंबं आहेत, त्यांना हे परवडतही असेल. हा धंदा भारतात १९८० च्या दशकापासून आहे आणि सगळेच त्यात लुबाडतात असं मी म्हणत नाही. मी विक्रीच्या पद्धतीबद्दल बोलतोय.

कारण ही पद्धत कुठवर जाते ते महाराष्ट्रानं पाहिलंय. मुंबईची पॅनकार्ड क्लब्स आठवते? हॉटेलातल्या 'रूम नाइट्स' विकायच्या, वापरल्या नाहीत तर मुदतीनंतर वाढीव पैसे परत. सेबीनं २०१४ मध्ये हे थांबवायला सांगितलं, ही सुट्टीची विक्री नसून विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना आहे म्हणून. सेबीच्या आदेशातले आकडे: सुमारे ७,०३५ कोटी रुपये, ५१ लाखांहून जास्त लोक. भागाकार करा, माणशी साडेतेरा-चौदा हजार येतात. एवढी रक्कम श्रीमंतांच्या गुंतवणुकीची नसते. काकांच्या स्टाफरूममधल्या दोघांकडे त्या पावत्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत.

युरोपात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा आहे. २००८ च्या निर्देशानुसार सही केल्यावर चौदा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो, आणि त्या चौदा दिवसांत विक्रेत्याला एक पैसाही घेता येत नाही. आपल्याकडे विमा पॉलिसीला तीस दिवसांचा फ्री-लुक मिळतो. पंचवीस वर्षांच्या सुट्टीला कायद्यानं असा एक दिवसही नाही, कंपनी स्वतःहून कलम घालेल तेवढंच. चौदा दिवस द्या आणि त्या काळात कार्ड स्वाइप करायला बंदी घाला, एवढीच मागणी आहे. ज्यांचा माल चांगला आहे त्यांना यात भिण्यासारखं काय आहे? ग्राहक घरी जाऊन वाचेल, मुलीला फोन करेल, भागाकार करेल.

तोवर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. करारात 'न्यायक्षेत्र' म्हणून दूरचं शहर छापलं असलं तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, ऑनलाइनसुद्धा. मुदत दोन वर्षांची. काकांच्या सहीला एकवीस महिने झालेत. या शनिवारी मी अकोल्याला जातोय, फाइल आणि काकूनं जपून ठेवलेलं ते लकी ड्रॉचं कूपन घ्यायला.