दानाची पावती, हक्काची थकबाकी

कचेरीतील सहकाऱ्यांनी एकसारखे सदरे घालून डोंगर चढावा, परिचितांनी किलोमीटरमागे देणगी द्यावी आणि तो पैसा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जावा, ही प्रथा पाश्चात्त्य देशांत रुळलेली आहे. 2004 पासून भरणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये कंपन्यांचे कर्मचारी-संघही संस्थांसाठी निधी उभारतात. उद्या नवीन जालन्यातून अशी पदभ्रमंती निघाली तर चालणाऱ्यांच्या सद्भावनेवर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या सदऱ्यांवर स्वतःचे नाव छापणाऱ्यांचा.

2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्चण्याचे बंधन घातले. आपल्याच नोकरांच्या लाभाचा खर्च त्यात धरता येत नाही. हे रास्तच आहे. कामगाराचे हित हा दानधर्म नव्हे, ते मालकाचे देणे आहे. मग हे देणे चुकते केव्हा होते? रोलिंग मिलमध्ये राबणाऱ्याची आई स्वतःचे घर ओळखेनाशी होते, तेव्हा तिच्या शुश्रूषेसाठी वेगळी भरपगारी रजा त्याला कोणताही केंद्रीय कायदा देत नाही. रविवारी परक्याच्या आईसाठी चालावे आणि सोमवारी स्वतःच्या आईसाठी पगार कापून घ्यावा, ही कसली माणुसकी?

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासानुसार देशातील साठीवरील सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. एवढ्यांचा भार आज वाहते कोण? घरातील सून आणि लेक, तेही बिनपगारी. याच जिल्ह्यातील हजारो मजूर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा गावी मागे उरलेल्या म्हाताऱ्याला जेवल्याची आठवण कोणी द्यावी?

शासनाचा न्याय तर पाहा! 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईबापांना टाकणाऱ्या मुलाला तीन महिन्यांच्या कैदेची तरतूद केली. त्याच कायद्यात जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम उभारण्याची गोष्ट आली, तेव्हा मात्र शासन तो ‘उभारू शकेल’ एवढेच म्हटले. मुलाला सक्ती, सरकारला सवलत! केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या निराधारासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे. राज्याने भर घातली तरी त्यात दिवसभराची सोबत विकत मिळत नाही.

हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. केरळ सरकारने 2014 मध्ये स्मृतिभ्रंशासाठी राज्याचा उपक्रम हाती घेतला आणि दिवसभर सांभाळ करणारी केंद्रे काढली. केरळात जे सरकारचे काम ठरते, ते मराठवाड्यात देणगीदारांच्या मर्जीवर का सोडावे?

म्हणून साथींनो, पदयात्रेला विरोध करू नका. तिच्यात मागण्यांचे फलक घेऊन सामील व्हा. शुश्रूषेसाठी भरपगारी रजा, जिल्हा रुग्णालयात स्मृतिभ्रंशाची नियमित तपासणी, तालुक्याला एक दिवस-सांभाळ केंद्र. कारखान्याच्या फाटकावर आणि जिल्हाधिकारी कचेरीवर हे मागावे लागेल. दानाची पावती एकदाच फाटते; हक्क मात्र दर महिन्याला वसूल करता येतो.