आवाज केव्हा येतो?

नगरच्या बाजारपेठेतील एका किराणा व्यापाऱ्यांनी दिवाळीनंतर परिचिताकडून आठ वर्षे वापरलेली छोटी मोटार घेतली. इंजिन उत्तम, रंग शाबूत, पुढचे दोन्ही टायर कोरे. फॉर्म २९ व ३० भरून रीतसर मालकी बदलली. या फॉर्मांत गाडीच्या आवाजासाठी रकाना नसतो.

पहिला लांबचा प्रवास भाचीच्या साखरपुड्यासाठी पुण्याचा. शेजारी चिरंजीव, मागे वृद्ध मातोश्री आणि दोन नातवंडे. केडगाव मागे पडून वेग साठावर गेला, तसा दूरवर पिठाची गिरणी चालावी असा घुमणारा आवाज सुरू झाला. चिरंजीवांनी गाण्यांचा आवाज वाढवला. हा उपाय घरोघरी प्रचलित आहे. कामरगावचा घाट ओलांडेपर्यंत मात्र तो आवाज मातोश्रींनाही ऐकू येऊ लागला, आणि सुप्याच्या चौकात गृहस्थांनी गाडी कडेला घेतली.

औद्योगिक वसाहतीमुळे सुप्यात वाहनांची वर्दळ मोठी, त्यामुळे मिस्त्री शोधावा लागला नाही. गृहस्थ आवाजाचे वर्णन करू लागताच त्याने थांबवले. "शेठ, कसा येतो ते नंतर. केव्हा येतो ते सांगा."

त्याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. मंडळींना चहाच्या हॉटेलात बसवून मिस्त्री गृहस्थांच्या शेजारी बसला. गाणी बंद, पंखा बंद, काचा वर. सरळ, मोकळा रस्ता पाहून साठच्या वेगाला त्याने क्षणभर गाडी न्यूट्रल करायला सांगितली. इंजिनाचे फेरे उतरले, पण घुमणे तसेच राहिले. म्हणजे इंजिनावरचा संशय गेला. ही परीक्षा घाटात करू नये, आणि चालत्या गाडीची चावी तर कधीच बंद करू नये. त्याने ब्रेक व स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य जाते आणि दोन्ही जड होतात.

मग टायर. टायरचा आवाज बहुधा रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. गुळगुळीत डांबरावर तो मऊ होतो. येथे खडबडीत तुकडा संपला तरी फरक पडला नाही. पुढे डावे वळण आले आणि घुमणे वाढले. उजव्या वळणावर ते जवळजवळ नाहीसे झाले. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, आणि झिजलेले बेअरिंग भार पडला की बोलू लागते. मिस्त्रीने उजव्या बाजूकडे बोट दाखवले. स्टिअरिंग पूर्ण वळवताना टक-टक वाजले असते, तर संशय ॲक्सलच्या जॉइंटवर गेला असता. ब्रेक दाबताना कर्कश घर्षण ऐकू आले असते, तर ब्रेक पॅडवर.

परतल्यावर पुढचे उजवे चाक जॅकवर उचलले. वर-खाली हलवताच चाकात ढिलेपणा जाणवला. हाताने फिरवून स्प्रिंगवर बोट टेकले, तर कंप स्पष्ट लागत होता. असे बेअरिंग वेळेत बदलले तर एका सुट्या भागाचा आणि मजुरीचा खर्च. दुर्लक्षिले तर ढिलेपणा वाढतो, बेअरिंग तापते, आणि अखेरीस चाक जाम होण्याचा किंवा निखळण्याचा धोका असतो.

मुहूर्त दुपारचा होता. "पुण्यापर्यंत जाईल का?" गृहस्थांनी विचारले.

"जाईलही. मागे कोण बसणार आहे ते बघून तुम्हीच ठरवा."

मातोश्री आणि नातवंडांना घेऊन गृहस्थ एस.टी.ने गेले. साखरपुडा आटोपून पंगत बसली होती, तेव्हा ते पोहोचले. बहिणीने काही विचारले नाही, पण बोललीही नाही. चिरंजीव सुप्यालाच थांबले. नगरहून बेअरिंग मागवून, बसवून, ते रात्री गाडी घेऊन आले. सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेले जुने बेअरिंग. फिरवले की बोटांना वाळूसारखी खरखर लागे.

दुसऱ्या दिवशी गृहस्थांनी गाडी विकणाऱ्या परिचिताला दूरध्वनी केला. रागावले नाहीत, एवढेच विचारले, की हा आवाज पूर्वी येत होता का. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"येत होता. टायरचा असेल म्हणून विकण्याआधी नवे टायर टाकले," ते म्हणाले. "नंतर पाहिलेच नाही. आम्ही गाणी लावत होतो."

मिस्त्रीचे बिल किती झाले, हे त्यांनी स्वतःहून विचारले.